दुखणाईत मूल आणि आशा
(अभ्यासपाठ : घरी वाचण्यासाठी व मंडळीत शिकविण्यासाठी)

वसईचा कोट आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला. त्या वेढ्याची, सुरुंगांची व तहाची हकीकत जुन्या पत्रांत व इतिहासाच्या पुस्तकांत वाचावयास मिळते. परंतु तोफा थंडावल्यावर आसपासच्या वाड्यांतून किती मुलांस ताप भरला आणि किती आयांनी त्यांच्या उशाशी रात्री काढल्या, हे कोणत्याही तहनाम्यात लिहीत नाहीत. लढाई एका ठराविक तारखेस संपते. उपासमार, वणवण व दूषित पाणी ह्यांनी मुलांच्या शरीरात जे घर केलेले असते, ते मात्र त्या तारखेनंतरही पुष्कळ वर्षे राहते.

अशा दुखणाईत मुलाने आशा कशी धरावी, आणि त्याच्याजवळ बसणाऱ्या मोठ्या माणसांनी ती त्यास कशी द्यावी, हा ह्या पाठाचा विषय आहे. त्यासाठी आम्ही दोन उदाहरणे घेतली आहेत. पहिले आपल्याच महाराष्ट्रात घडले. दुसरे जपानातील आहे. ती पाहून झाल्यावर आपण आपल्या घरांकडे वळू.

१. पोलंडची मुले आपल्या देशी कशी आली

१९३९ च्या सप्टेंबर महिन्यात पोलंड देशावर दोन बाजूंनी घाला आला. १ तारखेस पश्चिमेकडून जर्मनीचे व १७ तारखेस पूर्वेकडून रशियाचे सैन्य आत शिरले. पुढे १९४० च्या फेब्रुवारीपासून १९४१ च्या जूनपर्यंत पूर्व पोलंडातील लाखो माणसांस मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून सायबीरिया, कझाकस्तान वगैरे दूरच्या मुलखांत नेण्यात आले. तेथे जंगल तोडावे, शेतावर राबावे आणि जितके काम तितकी भाकरी मिळवावी, अशी त्यांची स्थिती होती. थंडी अशी की आपल्या कोकणच्या माणसास तिची कल्पनाही करता येणार नाही.

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच चाल केली, तेव्हा पोलंडच्या परागंदा सरकारचा रशियाशी करार होऊन ह्या लोकांची सुटका झाली. ते उबदार प्रदेशाच्या ओढीने दक्षिणेकडे निघाले. परंतु अन्नावाचून क्षीण झालेल्या त्या जथ्यांस वाटेत टायफस, आमांश व हिवताप ह्यांनी गाठले. कित्येक मुलांचे आईबाप तेथेच मृत्यू पावले. मागे राहिलेली पोरकी मुले अनाथाश्रमांत गोळा करण्यात आली.

त्यांपैकी पहिली तुकडी १९४२ साली मोटार-ट्रकांतून इराणच्या डोंगराळ वाटेने हिंदुस्थानात आणण्यात आली. मुंबईतील पोलंडच्या वकिलाच्या पत्नी कीरा बानासिंस्का ह्यांनी ह्या कामी फार परिश्रम केले. मुलांस प्रथम वांद्रे येथे ठेवण्यात आले. वसई रोडहून आगगाडीने मुंबईस जाताना जे वांद्रे स्टेशन आपण नित्य ओलांडतो, तेच हे वांद्रे. तेथे त्यांस काही महिने विश्रांती, औषध व अन्न मिळाले. मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी आपल्या संस्थानात, जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी वसाहत उभारली. तुम्ही आता पोरके नाही, मी तुमचा बापू आहे, अशी त्यांनी मुलांची समजूत घातल्याची आठवण ती मुले आपल्या म्हातारपणीही सांगत असत.

२. वळिवडे आणि पाचगणी

बालाचडीहून मोठी वसाहत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ साली वसली. तेथे सुमारे ५,००० पोलिश लोक राहत, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया व मुलेच होती. कारण धडधाकट पुरुष सैन्यात गेले होते किंवा मागेच नाहीसे झाले होते. एकासारख्या एक लांब चाळी बांधून त्यांत कुटुंबांस खोल्या दिल्या होत्या. वसाहतीत इस्पितळ होते, प्रार्थनामंदिर होते, प्राथमिक व माध्यमिक शाळा होत्या, बालवीरांची पथके होती आणि नाटके, गाणी व नाच ह्यांची रेलचेल होती. ज्या मुलांच्या छातीत अशक्तपणा होता, त्यांस सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच अशा पाचगणीस ठेवण्याची सोय करण्यात आली.

त्या काळी क्षयरोग म्हटला म्हणजे घरातील माणसे निराश होत, आणि त्यात नवल नव्हते. रोगाचे जंतू रॉबर्ट कॉख ह्यांनी १८८२ सालीच दाखवून दिले होते, पण त्यांस मारणारे औषध कोणाजवळ नव्हते. स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले खरे औषध अमेरिकेत १९४३ साली सापडले, आणि ते रोग्यांच्या हाती येऊ लागले ते युद्ध संपल्यावर. तोपर्यंत वैद्यांचे मुख्य उपाय तीन होते : स्वच्छ हवा, पुरेशी विश्रांती आणि पौष्टिक अन्न. आपल्या मिरज मिशनच्या वानलेसवाडीतील आरोग्यधामातही रोग्यांची शुश्रूषा मुख्यतः ह्याच मार्गाने होत असे.

आता आमच्या वाचकांनी ह्या वसाहतीतील एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या मुलांचे गाव गेले, पुष्कळांचे आईबापही गेले, आणि अंगात रोग शिरला, त्यांच्यासाठी मोठ्या माणसांनी काय केले? त्यांनी शाळा उघडल्या. त्यांस पोलिश व्याकरण, गणित व भूगोल शिकविला. गाण्याच्या तालमी घेतल्या. वरवर पाहता हे विचित्र वाटेल. अशक्त मुलास आधी बरे होऊ द्यावे, व्याकरण मग पाहता येईल, असे पुष्कळजण म्हणतील. पण मूल फार चाणाक्ष असते. ज्याअर्थी मास्तर उद्याचा पाठ नेमून देतात, त्याअर्थी उद्या आपण असणार आहोत असे त्यांस वाटते, हे ते तत्काळ ओळखते. हजार दिलाशाच्या शब्दांहून ही एक गोष्ट त्यास अधिक बळ देते.

ही सर्वच मुले वाचली असे नाही. कोल्हापूरच्या स्मशानभूमीत पोलिश नावांच्या कबरी आजही आहेत. जी वाचली त्यांचीही आशा ठरल्याप्रमाणे पुरी झाली नाही. युद्ध संपले, परंतु त्यांचा मुलूख रशियाच्या ताब्यात गेला, आणि घरी परतण्याची वाट बहुतेकांस बंद झाली. १९४८ सालापर्यंत वसाहत रिकामी झाली आणि ही माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, कॅनडा वगैरे देशांत पांगली. त्यांच्या चाळींत फाळणीमुळे घरदार सोडून आलेले सिंधी लोक राहावयास आले. ती वस्ती आज गांधीनगर नावाने कापडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध आहे. एका लढाईच्या निर्वासितांनी सोडलेल्या छपराखाली दुसऱ्या संकटातून आलेल्यांस आसरा मिळाला.

पुढे ती पोलिश मुले मोठी झाली, त्यांनी शिक्षणे घेतली, संसार केले, आणि त्यांपैकी कित्येक वार्धक्यात वळिवड्यास परत येऊन गेली. २०१९ च्या सप्टेंबरात तेथे त्यांच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभारण्यात आला. ज्या घराची आशा धरली होती ते घर मिळाले नाही. परंतु आशा धरून जे आयुष्य राखले, ते मिळाले. ही गोष्ट आम्हांस फार विचार करण्याजोगी वाटते.

३. हिरोशिमाची सादाको

दुसऱ्या उदाहरणात मूल वाचले नाही. ते मुद्दाम येथे घेतले आहे. कारण ज्या आशेत अशा मुलास जागा नाही, ती आशा आपल्या मंडळींतील पुष्कळ घरांच्या उपयोगी पडणार नाही.

६ ऑगस्ट १९४५ रोजी जपानातील हिरोशिमा शहरावर अणुबॉम्ब पडला. सादाको सासाकी ही मुलगी त्या वेळी दोन वर्षांची होती. बॉम्ब जेथे फुटला तेथून तिचे घर सुमारे एक मैलावर होते. तिला भाजले नाही, जखमही झाली नाही. ती धडधाकट वाढली, आणि शाळेच्या धावण्याच्या शर्यतीत तिची गणना चपळ मुलींत होऊ लागली. नऊ वर्षे अशी गेली. १९५४ च्या अखेरीस तिच्या मानेवर व कानामागे गाठी दिसू लागल्या, आणि १९५५ च्या फेब्रुवारीत तिला हिरोशिमाच्या रेडक्रॉस इस्पितळात ठेवावे लागले. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. बॉम्बच्या अदृश्य किरणांनी अस्थींतील मगजास इजा होते व त्यापासून हा रोग उद्भवतो. तो बॉम्बनंतर दोनतीन वर्षांनी लोकांत दिसू लागला होता, आणि मुलांस त्याची बाधा विशेष झाली. लढाई संपून दहा वर्षे होत आली असताना ती ह्या मुलीच्या रक्तात चालू होती.

घरच्यांनी तिच्यापासून रोगाचे नाव लपविले. पण तिच्या रक्ततपासणीचे आकडे तिने स्वतःच कागदावर टिपून ठेवले होते, हे तिच्या पश्चात उघड झाले. आपण जे मुलांपासून लपविले असे समजतो, ते त्यांस बहुधा ठाऊक असते. फक्त आपल्या दुःखाकडे पाहून ती गप्प राहतात.

ऑगस्ट महिन्यात नागोया शहरातून इस्पितळातील रोग्यांसाठी कागदाचे क्रौंच पक्षी भेट आले. एक हजार क्रौंच घडी घालून केले असता मनातील इच्छा पुरी होते, अशी जपानी लोकांची जुनी समजूत आहे. सादाको पक्षी करू लागली. कागद महाग, म्हणून औषधांच्या पुड्यांचे व भेटवस्तूंच्या वेष्टनांचे कागद ती जमवी. काही आठवड्यांतच हजार पुरे झाले. दुखणे मात्र हटले नाही. तेव्हा तिने काय केले? ती पुढेही पक्षी करीतच राहिली, आणि कागदाचे तुकडे लहान घेऊन अधिकाधिक बारीक पक्षी करू लागली. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी, तिचा अंत झाला.

तिच्या वर्गातील मुलांनी ठिकठिकाणच्या शाळांतून वर्गणी जमविली, आणि ५ मे १९५८ रोजी, जपानात मुलांचा सण असतो त्या दिवशी, हिरोशिमाच्या शांति-उद्यानात एक स्मारक उघडण्यात आले. त्याच्या शिखरावर डोक्यावर क्रौंच धरलेली एक मुलगी आहे. जगभरची मुले तेथे आजही कागदी पक्ष्यांच्या माळा धाडतात.

४. आशा आणि नवस

ह्या ठिकाणी आपल्या गावांकडील एका चालीचा विचार केला पाहिजे. मूल दुखणाईत झाले म्हणजे आपल्याकडे नवस बोलतात. हे झाले तर ते देईन, असा तो करार असतो. बाप्तिस्मा घेतलेल्या घरांतूनही ही वृत्ती सहज जात नाही. तीच पुढे प्रार्थनेच्या पोशाखात येते, इतकेच. करार पुरा केला आणि मूल बरे झाले नाही, म्हणजे मग दोष शोधणे सुरू होते. आईच्या हातून काही चुकले असेल, बापाचा विश्वास उणा पडला असेल, असे शेजारी कुजबुजतात. जी आई आधीच दुःखाने वाकली आहे, तिच्या पाठीवर ते आणखी एक ओझे ठेवतात. हे फार निष्ठुर आहे.

सादाकोने आरंभ केला तो कदाचित नवसाच्याच भावनेने. परंतु हजारावा पक्षी झाल्यावर करार संपला होता. त्यापुढचा प्रत्येक पक्षी कशाची किंमत म्हणून नव्हता. आपले हात अजून चालतात, आपल्याकडून अजून काही सुंदर घडते, इतकेच तो सांगत होता. आम्हांस वाटते की खरी आशा तेथून पुढची. ती फळाची हमी मागत नाही, आणि फळ न आले म्हणून आजचे काम टाकीतही नाही.

पण ह्यावरून कोणी असे समजू नये की आशा धरणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे. याइराची कन्याही बारा वर्षांचीच होती. तिला उठविल्यावर प्रभूने घरच्यांस काय आज्ञा केली, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही : तिला काही खावयास द्यावे, अशी. आशेला अन्न, औषध आणि पहारा ह्यांची जोड लागते. वांद्र्यास, वळिवड्यास व पाचगणीस जे झाले ते हेच होते.

५. आपल्या घरी काय करावे

पालघर जिल्ह्यात लढाई नाही. परंतु जव्हार-मोखाड्यापासून वसईच्या किनाऱ्यापर्यंत भूक, कामासाठी गाव सोडणे, दाटीची वस्ती व डासांची पैदास ह्या गोष्टी कोठे कमी, कोठे अधिक आहेतच, आणि मुलांवर त्यांचा परिणाम बराचसा तसाच होतो. म्हणून पुढील माहिती प्रत्येक घरी असावी.

(अ) क्षयरोग. मुलाचा खोकला किंवा बारीक ताप दोन आठवड्यांहून अधिक राहिला, वजन वाढेना किंवा उतरू लागले, मूल खेळावयाचे सोडून कोपऱ्यात बसू लागले, म्हणजे त्यास विलंब न लावता सरकारी आरोग्यकेंद्रात न्यावे. लहान मुलास हा रोग बहुधा घरातील खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून लागतो. यास्तव घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. ज्या रोगापुढे १९४३ साली वैद्य हतबल होते, तो आता साधारणपणे सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. ही औषधे सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतात. शिवाय अन्नासाठी रोग्याच्या बँकेच्या खात्यात सरकार दरमहा पैसे जमा करते. ही रक्कम २०१८ पासून ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. दोन महिन्यांत मूल टवटवीत दिसू लागते, आणि तेथेच घात होतो : बरे वाटले म्हणून गोळ्या बंद करतात. अर्धवट मारलेला जंतू औषधास दाद देईनासा होतो. म्हणून सहा महिने म्हणजे सहा महिने.

(आ) रक्ताचा कर्करोग. मूल फिके पडणे, ताप पुन्हापुन्हा येणे, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठणे, गाठी येणे, हाडे दुखणे, ही ह्याची चिन्हे होत. ह्या सर्वांस दुसरी साधी कारणेही असू शकतात. परंतु रक्त तपासल्यावाचून ते कळत नाही. सादाकोच्या काळी ह्या रोगावर नुकते कोठे प्रयत्न सुरू झाले होते. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. सिडनी फार्बर ह्यांनी एका औषधाने काही मुलांचा रोग काही काळ आटोक्यात आणल्याचे प्रसिद्ध केले. त्या जातीची औषधे ज्या प्रयोगशाळेत तयार झाली, तिचे प्रमुख आपल्याच देशातील आंध्र प्रांताचे यल्लाप्रगड सुब्बाराव हे होते. त्या आरंभापासून प्रगती होत होत आज प्रगत देशांत मुलांच्या ह्या रोगाच्या मुख्य प्रकारात दहांपैकी आठांहून अधिक मुले बरी होतात, आणि आपल्या देशातील मोठ्या इस्पितळांतूनही पुष्कळ मुले बरी होऊन घरी जातात. मुंबईत परळ येथील टाटा इस्पितळ १९४१ साली, महायुद्ध चालू असतानाच, उघडले. वसई-विरारच्या लोकांस ते आगगाडीच्या वाटेवर आहे. उपचार दोनतीन वर्षे चालतात. तेवढा काळ शहरात कसे राहावे ह्या भीतीने कित्येक लोक मुलास परत घेऊन येतात. असे करू नये. इस्पितळातील समाजसेवकांस विचारावे. औषधांसाठी मदत व बाहेरगावच्या कुटुंबांच्या राहण्याची सोय करणाऱ्या संस्था मुंबईत आहेत.

(इ) अन्न. महागड्या डब्यांची गरज नाही. अंडे, मासळी, डाळ-भात, शेंगदाणे, वाडीतील केळी व आगाशीची सुकेळी, हे आजारातून उठणाऱ्या मुलास उत्तम आहे. थोडे थोडे, पण दिवसातून पुष्कळ वेळा द्यावे.

६. उपदेशक बंधुभगिनींस चार सूचना

पहिली, दुखणाईत मुलाच्या घरी गेल्यावर बोलण्याची घाई करू नये. प्रथम विचारावे की औषध कोणते, पुढची तारीख कोणती, आणि इस्पितळात सोबत कोण जाणार. कोणी नसल्यास आपण जावे.

दुसरी, मूल नक्की बरे होईल असे वचन देऊ नये, आणि ही देवाची शिक्षा आहे असेही कधी म्हणू नये. दोन्ही गोष्टी आपणांस ठाऊक नाहीत. आम्ही तुझ्याबरोबर आहो, एवढे मात्र म्हणावे, कारण ते आपल्या हाती आहे.

तिसरी, मुलाने विचारल्यास त्यास सोप्या शब्दांत खरे सांगावे. त्याला कळत नाही असे समजून त्याच्या उशाशी कुजबुजू नये.

चौथी, त्यास काही काम द्यावे. शाळेतून त्याचा पाठ आणून द्यावा, गाणे शिकवावे, धाकट्या भावंडास अक्षरे गिरवावयास लावण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. आणि वर्गातील मुलांनी त्यास पत्र लिहावे. ते परत येईपर्यंत त्याची बसण्याची जागा तशीच ठेवावी.

विचारासाठी प्रश्न

१. वळिवड्यास अशक्त मुलांसाठीही शाळा चालविल्या, ह्यापासून आपल्या गावच्या शाळेने काय शिकावे?
२. नवस आणि प्रार्थना ह्यांत तुम्हांस कोणता भेद दिसतो? सादाकोच्या उदाहरणावरून सांगा.
३. मूल बरे न झाल्यास त्याच्या आईबापांशी मंडळीने कसे वागावे?
४. आपल्या गावी दोन आठवड्यांहून अधिक खोकणारे असे कोणी आहे काय? त्यास आरोग्यकेंद्रात कोण नेईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन भागणार नाही. ज्या मंडळीत हा पाठ शिकविला जाईल, तेथे सभा उठण्यापूर्वी नेणाऱ्या माणसाचे नाव व जाण्याचा दिवस ठरवावा, अशी आमची विनंती आहे.